शेवटच्या पानावर शिरा

आमच्या बोरिवलीच्या घरात ओट्याखाली प्लास्टिकचे डबे ठेवलेत. एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात. वाचकांचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. मैत्रिणींना एक सांगायला घेतला की बाकीचे धडाधड खाली पडतात. सांगून होतं तेव्हा त्या पोट धरून हसत असतात आणि मी मात्र पहिल्यापेक्षा जास्त चिडलेली असते. म्हणून यावेळी लिहूनच काढते. तुम्ही हसलात तरी चालेल. मी हसणार नाहीये.

मी कथा लिहिते. दिवसा गोरेगावला एका ऑफिसात इन्शुरन्सचे क्लेम तपासते आणि संध्याकाळी कथा लिहिते. एक पुस्तक आलंय. त्यातल्या तीन कथांच्या शेवटी कुणीतरी कुणापुढे खायला ठेवतं. एकीत सासू सुनेला शिरा देते, दुसरीत मुलगा बापाला चहा आणि बटर, तिसरीत एक शेजारीण दुसरीला वाटीभर आमटी. यात काही तत्त्वज्ञान नव्हतं हो! मी तेव्हा ऑफिसातून आल्या आल्या, जेवणाच्या आधी लिहायला बसायचे. भूक लागलेली असायची. बस, एवढंच!

पण वाचकांनी त्याचं नाव ठेवलं, ‘केतकीची शैली’. एकदा नाव ठेवलं की संपलं. मग तुमचं बारसं झालेलं असतं आणि पाळण्यातून उतरायची परवानगी नसते.

आणखी एक सांगून ठेवते. मला राग आला की माझे कान तापतात, तोंडातून शब्द फुटत नाही आणि मी हसते. लोकांना वाटतं, लाजली.

*

बोरिवली पूर्वेला आमचं एक कथामंडळ आहे. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी आम्ही एका सोसायटीच्या कमिटी हॉलमध्ये जमतो. कोपऱ्यात कॅरम बोर्ड, त्याच्यामागे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं गणपतीचं मखर आणि मधे खुर्च्या. मंडळ चालवतात सामंत सर. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि अजून कुणीही बोलताना मधेच ‘पूर्ण वाक्यात’ म्हणतात.

मंडळाची एक प्रथा आहे. कथा लेखकाने स्वतः वाचायची नाही, दुसऱ्या कुणीतरी वाचायची. शेवटचं पान आलं की वाचणाऱ्याने ते उलटं करून मांडीवर ठेवायचं आणि थांबायचं. मग सगळ्यांनी शेवट ओळखायचा. ज्याचा बरोबर येईल त्याला खाण्याची पहिली प्लेट.

माझी पहिली कथा तिथे वाचली गेली ती नीलाताईंच्या आवाजात. नीलाताई बँकेतून रिटायर झाल्यात आणि मंडळात सगळ्यात सुरेख वाचतात. शेवटचं पान मांडीवर गेलं.

सामंत सर खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. “सोपं आहे. सासू उठणार, स्वयंपाकघरात जाणार आणि रवा भाजायला घेणार.”

नीलाताईंनी पान उलटलं. सासू उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिने रवा भाजायला घेतला.

टाळ्यांचा कडकडाट! मी भारावून उभी राहिले, हात जोडले, डोळेसुद्धा भरून आले.

सामंत सर म्हणाले, “बस, बस, केतकी. टाळ्या मला आहेत!”

*

माझं लग्न झालं ते सिद्धेशशी. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझं पुस्तक त्याने वाचलं होतं की नाही हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. सुखी संसारासाठी काही गोष्टी मोघम असलेल्या बऱ्या. पण त्याच्या सगळ्या मावश्या, आत्या, काकूंनी मात्र ते वाचलं होतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी त्याची आत्या आली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, “आज तुझ्या हातचा शिरा खाल्ल्याशिवाय उठायची नाही हं!”

मला शिरा येत नाही. खरं सांगायचं तर मला त्यावेळी भात आणि अंडं एवढंच येत होतं. तरी केला. रवा एका बाजूने काळा, दुसऱ्या बाजूने कच्चा. मधे मधे गुठळ्या, त्या गुठळ्यांत बेदाणे अडकलेले.

आत्याने एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि खरोखर दुखावलेल्या आवाजात म्हणाली, “पुस्तकात तर इतका छान केला होतास गं!”

माझ्या सासूबाई पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तो तिथल्या सासूने केला होता.”

त्या दिवसापासून आई मला आवडतात.

*

बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या एक बाई भेटतात. आवाज खाली आणून विचारतात, “ती कथेतली सासू, म्हणजे तुमच्याच सासूबाई ना?”

मी म्हटलं, “नाही हो. पुस्तक आलं तेव्हा माझं लग्नही ठरलं नव्हतं.”

त्या थोडा वेळ विचार करत राहिल्या. तळमजला आला. दार उघडलं.

“म्हणजे तुम्हाला आधीच कळलं होतं!”

*

आमच्या मंडळात एक तरुण लेखक आहे. तो खुनाच्या कथा लिहितो. प्रत्येक कथेत किमान एक प्रेत, बहुतेक वेळा तुकड्यांत. त्याचं आणि माझं लग्न एकाच मोसमात झालं. मंडळाने दोघांचा एकत्र सत्कार केला. त्याला पेन दिलं. मला स्टीलचा पोळ्यांचा डबा दिला. हेही मी गिळलं.

मग नीलाताई भाषणाला उभ्या राहिल्या. “आता केतकीच्या लेखनात आणखी ओलावा येईल. संसारात पडल्यावर बाईची लेखणी मऊ होते.”

मागून राऊतकाका म्हणाले, “पोर झाल्यावर तर बघाच!” राऊतकाका मालवणकडचे आहेत, गिरणी बंद पडल्यावर दुसरीकडे नोकरी केली, आता फक्त वाचतात. माणूस प्रेमळ आहे. माझ्या ओळखीतल्या सगळ्या संतापजनक गोष्टी प्रेमळ माणसांनीच केल्यात.

मी हसले. कान तापले होते. कुणीतरी म्हणालं, “लाजली बघा!”

माझी एकच शंका आहे. त्या मुलाचंही लग्न झालं होतं ना? त्याला कुणी का नाही म्हणालं की आता तुझ्या खुनांत ओलावा येईल?

*

मग मी ठरवून एक कथा लिहिली, जिच्यात कुणी काही खात नाही. पाणीसुद्धा पीत नाही. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली एक म्हातारी, दोन मुलगे आणि विकायला काढलेली होडी. होडी कुणाच्या नावावर, एवढंच भांडण. म्हातारी शेवटी होडीला टेकून बसते. संपली कथा. लिहून झाल्यावर मी मुद्दाम भरपूर जेवले, म्हणजे पुन्हा वाचताना चुकून कुणाच्या हातात ताट जायला नको.

मंडळात वाचली. शेवट कुणालाच ओळखता आला नाही. म्हणजे ओळखला सगळ्यांनी, एकच: म्हातारी दोघा मुलांना समोर बसवून कालवण वाढणार. पान उलटलं आणि म्हातारी होडीला टेकून बसली. पहिली प्लेट कुणाला द्यायची हा प्रश्न पडला. तसा प्रसंग आधी कधी आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी राऊतकाकांचा फोन. “काय गो चेडवा, बरी आसंस मां? घरात सगळा ठीक ना?”

मी म्हटलं, “सगळं ठीक आहे काका. का?”

“नाय, कथेत कोण जेवूक नाय, म्हणून विचारलंय.”

पण कळस केला तो सामंत सरांनी. पुढच्या बैठकीत त्यांनी त्या कथेवर छोटंसं विवेचन केलं. म्हणाले, “आपण सगळे फसलो. केतकीने अन्न काढलेलं नाही, लपवलंय! पहिल्या परिच्छेदात आठवा, काठ्यांवर बोंबील वाळत घातलेत. वाळत घातलेले बोंबील म्हणजे काय? उद्याचं जेवण! म्हणजेच तिचा शिरा!”

सगळे थक्क झाले. टाळ्या पडल्या. पहिली प्लेट सरांनी घेतली.

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत नाहीत तर काय पुस्तकं वाळत असतात?

*

आता जे सांगणार आहे त्याच्यासाठी आधी कुंदामावशी माहीत हवी.

कुंदामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. तिला दहिसरला दिलं होतं. नवरा कामावर जाताना तिला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावायचा. रोज. मारायचा नाही, असं आमचे नातेवाईक अजूनही त्याच्या बाजूने सांगतात, जणू त्याबद्दल त्याला बक्षीस द्यायला हवं होतं. एका दुपारी घाईत कुलूप नीट बसलं नाही. मावशीने दार ओढून बघितलं, ते उघडलं आणि ती जिना उतरली. मुलुंडला आमच्या घरी आली ती कायमची. मी शाळेत होते. आज ती मुलुंडलाच एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे, भाड्याच्या खोलीत एकटी राहते आणि सिनेमे बघते.

ही कथा मी कित्येक वर्षं मनात ठेवली होती. हात लावायची भीती वाटायची. शेवटी मावशीला विचारलं, लिहू का?

ती म्हणाली, “लिही की. नाव बदल. बाकी तुला काय पाहिजे ते कर.” मग म्हणाली, “फक्त मला परत पाठवू नकोस.”

मी तसंच लिहिलं. बाई जिना उतरते. जिन्यात कुणाच्या तरी घरातून रेडिओ ऐकू येतो. शेवटची पायरी उतरून ती उन्हात येते. कथा संपते. माझ्या आयुष्यात मी लिहिलेलं ते पहिलं पान, जे वाचून मला माझा अभिमान वाटला.

मंडळात वाचायला कथा नीलाताईंकडे दिली. त्यांनी अप्रतिम वाचली. शेवटचं पान मांडीवर गेलं. सगळे एका सुरात म्हणाले, “नवरा डबा घेऊन येणार! शिरा!”

मी मनातल्या मनात म्हटलं, थांबा आता.

नीलाताईंनी पान उलटलं. बाई जिना उतरली. रेडिओ वाजला. बाई उन्हात आली. आणि नीलाताई थांबल्याच नाहीत! त्या पानाकडे बघत वाचतच राहिल्या. “तेवढ्यात समोरून तो येताना दिसला. हातात डबा होता. तो काही बोलला नाही. तिने डब्याचं झाकण उघडलं. वाफाळता शिरा. तिच्या डोळ्यांच्या कडा ओलावल्या. दोघं न बोलता जिना चढू लागली...”

मला वाटलं, मला काहीतरी होतंय. हे मी कधी लिहिलं? टाळ्या वाजत होत्या. रुमाल निघाले होते. राऊतकाका उघड उघड रडत होते. पहिली प्लेट कुणाला द्यायची यावरून प्रेमळ वाद चालला होता, कारण सगळ्यांचंच बरोबर आलं होतं.

मी नीलाताईंपाशी गेले. कागद त्यांच्या हातातून घेतला. उन्हात आलेल्या बाईच्या खाली कोरी जागा होती.

“नीलाताई, हे... हे यात नाहीये.”

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. “अगं, शेवटचं पान प्रिंट करायला विसरलीस तू! माझ्या लक्षात आलं. म्हटलं, पोरीची सगळ्यांसमोर फजिती नको व्हायला. म्हणून मीच पूर्ण केलं. तुझ्याच शैलीत केलं हं, काळजी करू नको!”

*

टाळ्या वाजवणाऱ्यांमध्ये धुरीसाहेब होते. ते माझे प्रकाशक. अंधेरी पूर्वेला एका औद्योगिक गाळ्यात त्यांचं ऑफिस आहे. बाजूला कुणीतरी पत्रा कापत असतं आणि त्या आवाजात साहित्याची चर्चा ओरडून करावी लागते. माझं दुसरं पुस्तक तेच काढताहेत. त्यांनी मला बोलावून घेतलं.

“तो डबावाला शेवट टाक!” धुरीसाहेब ओरडले.

मी म्हटलं, “तो माझा नाही.”

“काय?”

“तो माझा नाही!”

“अगं, तुझा नाही पण तुझ्यासारखा आहे! तुझ्यापेक्षाही तुझ्यासारखा आहे!” पत्र्याचा आवाज थांबला. त्यांनी सूर खाली आणला. “हे बघ केतकी, शैली म्हणजे विश्वास. दिवसभराचा दमलेला वाचक तुझं पुस्तक उघडतो. त्याला माहीत असतं, काही झालं तरी ही मुलगी शेवटी काहीतरी गरमागरम देणार. आणि तू काय करतेस? बाईला जिन्याखाली उन्हात उभी करून निघून जातेस! असं कोण सोडतं?”

मला म्हणायचं होतं की तिला जिन्याखाली मी नाही सोडलं. ती स्वतः आली तिथे. चालत. मला म्हणायचं होतं की दमलेल्या वाचकाला गरम काही हवं असेल तर त्याने स्वतः गॅस पेटवावा. प्रत्येक वेळी एका बाईने परत जिना चढायचा, कशासाठी? तर वाचणाऱ्याला नीट झोप लागावी म्हणून!

यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. कान मात्र इतके तापले की झुमके काढून पर्समध्ये टाकावेसे वाटले.

“लाजू नको,” धुरीसाहेब म्हणाले. त्यांनी मुखपृष्ठ समोर ठेवलं. त्यावर आधीच एक वाटी काढलेली होती. वाटीतून वाफ येत होती.

“मी तसा शेवट नाही देणार,” मी म्हटलं. हे कसं निघालं कोण जाणे.

ते खुर्चीत मागे टेकले. माणूस वाईट नाही. म्हणाले, “ठीक. आपण मंडळात दोन्ही शेवट वाचू. हात वर करायचे. तुझ्या जिन्याला जास्त हात आले, तर जसंच्या तसं छापतो. डब्याला आले, तर डबा. नाहीतर ही कथा पुस्तकात नको. लोकशाही आहे, केतकी!”

आणि पत्रा पुन्हा सुरू झाला.

*

घरी येऊन सिद्धेशला सांगितलं. तो लॅपटॉपवर होता. म्हणाला, “एक पॅरा तर आहे यार. देऊन टाक ना. आम्ही पण युजरला जे पाहिजे तेच देतो.”

लग्नानंतरचं आमचं पहिलं खरं भांडण ते. भांडण म्हणजे मी दोन वाक्यं बोलले, त्याला धक्का बसला. त्याला वाटायचं मला आवाजच नाही.

“तुझ्या युजरला मावशीचं दार बाहेरून लावून पाहिजे असेल,” मी म्हटलं, “तर तेही देशील?”

त्याने लॅपटॉप मिटला. मग मी त्याला सगळं सांगितलं. कुलूप, दहिसर, आणि मावशी काय म्हणाली होती ते. परत पाठवू नकोस.

तो जवळ येऊन बसला. मग म्हणाला, “सॉरी. मला माहीत नव्हतं गं.” आणि थोड्या वेळाने, एकदम प्रोजेक्ट मीटिंगच्या आवाजात, “मग मावशीला बोलव ना. हातच मोजायचेत, तर तिलाही हात आहेत की.”

मी फोन केला. वाटलं, ती नाही म्हणेल. मावशी म्हणाली, “शनिवारी ना? दवाखाना अर्धा दिवस असतो माझा. येते. खायला काय असतं तुमच्याकडे?”

*

तो शनिवार. हॉल भरलेला. धुरीसाहेब पहिल्या रांगेत. सिद्धेश आला होता आणि सासूबाईसुद्धा आल्या होत्या. मागच्या रांगेत, कॅरम बोर्डाला खुर्ची लावून कुंदामावशी बसली होती. सामंत सरांना मी एवढंच सांगितलं की ही माझी मावशी, मुलुंडहून आलीये. ते म्हणाले, “वा! लेखिकेचं माहेर!”

नीलाताईंनी कथा पहिल्यापासून वाचली. कुलपाचा आवाज येतो त्या वाक्याला त्यांनी असा काही श्वास घेतला की अंगावर काटा आला. मी मागे बघायचं टाळत होते. मग माझा शेवट वाचला. जिना, रेडिओ, ऊन. दोन क्षण थांबल्या. मग त्यांचा शेवट. तो, डबा, वाफ, ओलावलेल्या कडा. यावेळी त्यांनी त्यात भर घातली होती. नवरा म्हणतो, “मी स्वतः केलाय.” हॉलमधून “अरेरे” असा मऊ आवाज आला.

धुरीसाहेब उभे राहिले. “जिन्यासाठी हात वर.”

मी हात वर केला. सिद्धेशने केला. आणि आईंनी केला. राऊतकाकांनी त्यांच्याकडे आश्चर्याने बघितलं तर आई म्हणाल्या, “मला डायबेटिस आहे.”

तीन. खुनाच्या कथा लिहिणाऱ्या मुलाने हात अर्धा वर नेला आणि केस नीट केले. मी मागे बघितलं. मावशीचे दोन्ही हात मांडीवर होते. मला एकदम रडू यायला लागलं. तिचासुद्धा नाही?

“आता डब्यासाठी.”

हॉलभर हात. राऊतकाकांचा तर उजवा आणि डावा दोन्ही! सामंत सर मोजायलाही लागले नाहीत, नुसते हसले. धुरीसाहेबांनी माझ्याकडे बघून खांदे उडवले. लोकशाही.

तेवढ्यात सरांचं लक्ष मागे गेलं. “केतकीच्या मावशी, तुम्ही कुठेच हात वर केला नाहीत! आमच्याकडे तटस्थ राहायची सोय नाही बरं का. मत द्या. पूर्ण वाक्यात.”

मावशी म्हणाली, “मला दोन्ही नीट पटले नाहीत.”

नीलाताई वळल्या. आवाज खरोखरच्या मायेने भरलेला होता. “ताई, तुम्हीच सांगा. तो असा डबा घेऊन, पुढे होऊन आला असता, तर त्या बाईचं मन नसतं का हो वळलं?”

“आला होता,” मावशी म्हणाली.

“कोण?”

“तो. मुलुंडला, माझ्या बहिणीच्या घरी. मी निघून आले त्याच आठवड्यात. डबा पण होता. शिरा नव्हता, पुरीभाजी होती. स्वतः नव्हती केली. त्याच्या बहिणीने करून दिलेली.”

हे मलाही माहीत नव्हतं.

हात अजून वरच होते. खाली घ्यायचं कुणाला सुचलंच नाही. धुरीसाहेब माझ्याकडे बघत होते, मग मावशीकडे, मग परत माझ्याकडे. नीलाताईंनी कागद खाली ठेवला. त्यांनी अगदी हळू विचारलं, “मग?”

“मग काय, खाल्ली,” मावशी म्हणाली. “सकाळपासून पोटात काही नव्हतं. डबा घासला, पुसला, त्याच्या हातात दिला. आणि दार लावून घेतलं.”